गाठी नसलेली दोरी

फार पूर्वी, जेव्हा मैलामैलावर एकेक राजा असायचा आणि प्रत्येक राजाला निदान एक तरी नावडती राणी असायची, तेव्हा एका पठारावरच्या देशात राजाच नव्हता. तिथे अध्यक्ष होता.

देश म्हणायचं ते त्या लोकांच्या मानाखातर. खरं तर तिथे नऊ वाड्या होत्या. सकाळी एका टोकाहून निघालेला माणूस रमतगमत, वाटेत दोन घरी ताक पिऊन, दुपारच्या जेवणाला दुसऱ्या टोकाला पोचायचा. पण अध्यक्ष निवडण्याची त्यांची रीत मोठमोठ्या राज्यांनी येऊन बघावी अशी होती. दर पाच वर्षांनी देवळासमोर मडकी मांडायची आणि प्रत्येक जाणत्या माणसाने, बाई असो की बुवा, आपल्याला हव्या त्या मडक्यात तुरीचा एक दाणा टाकायचा. ज्याच्या मडक्यात दाणे जास्त तो अध्यक्ष. मग त्याच तुरीची आमटी व्हायची आणि जिंकलेला नि हरलेला एका पंगतीला बसून ती खायचे.

निवडीनंतर नवव्या दिवशी कारभार हातात यायचा. जुन्या अध्यक्षाने नव्याला शिक्का द्यायचा, किल्ल्या द्यायच्या आणि हाताला धरून खुर्चीवर बसवायचं. हे सगळं लोकांसमोर, वाजतगाजत. पण त्या देशातले म्हातारे म्हणायचे, की ही झाली वरवरची सोंगं. खरा कारभार हातात येतो तो त्यानंतर, देवळामागच्या पारावर, दोघंच बसलेले असताना.

तिथे जुना अध्यक्ष अंबाडीची दहा हात लांब दोरी घेऊन यायचा. पाच वर्षांत त्याच्या हातून जेवढ्या चुका झाल्या असतील, तेवढ्या गाठी त्या दोरीला मारलेल्या असायच्या. एकेक गाठ बोटांनी चाचपत तो सांगायचा, की इथे मी घाई केली, इथे तोंडपुज्यांना भुललो, इथे मेव्हण्याचं ऐकलं. नव्याने मुकाट्याने ऐकायचं. हसायचं नाही, आणि ऐकलेलं कुणाजवळ बोलायचं नाही. सगळ्या गाठी सांगून झाल्या की दोरी नव्याच्या हातात. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण नुसतं म्हणतो. त्या लोकांनी त्याची रीतच पाडली होती.

तर त्या देशात एकदा एक सुतार अध्यक्ष होता. हाताचा सरळ आणि मानेचा ताठ. त्याने पाच वर्षांत ओढ्यावर दोन साकव बांधले, शाळेला नवं छप्पर घातलं, आणि हे सगळं आपणच केलं असं तो दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगायचा. पाच वर्षं सरली, मडकी मांडली गेली, आणि अकरा दाण्यांनी सुतार हरला.

जिंकली ती एक कासारीण. नऊही वाड्यांत घरोघरी जाऊन ती बांगड्या भरायची. बांगडी चढवताना बाईचं लक्ष दुसरीकडे वळवावं लागतं, म्हणून ती बोलत राहायची, आणि बोलता बोलता कुठल्या घरात काय दुखतंय ते तिला कळायचं. म्हणूनच बहुतेक तिच्या मडक्यात दाणे पडले.

सुताराला हरणं फार झोंबलं. पंगतीत त्याने आमटी वाढून घेतली, पण बोटही लावलं नाही. घरी येऊन त्याने अंबाडीची नवी दोरी वळायला घेतली, आणि पहिली गाठ मारायची वेळ आली तेव्हा त्याचा हात थांबला.

हात का थांबला, ते कळायला मागच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट पंतोजींची. सुताराच्या आधी गावचे पंतोजी अध्यक्ष होते. भला माणूस, पण शाळेच्या बाहेरचं जग फारसं न पाहिलेला. त्यांनी पारावर सुताराला सांगितलं होतं, की देशासाठी दुभत्या शेळ्या घ्यायला गेलो आणि बाजारात फसून चाळीस बोकड घेऊन आलो. घाट चढायच्या आत ते लक्षात आलं, तेव्हा पडेल किमतीला विकून टाकले आणि लोकांना सांगितलं, की शेळ्या वाटेत रोगाने गेल्या. सुताराने तेव्हा हसू कसंबसं दाबलं होतं. महिनाभर त्याने ते पोटात ठेवलं आणि मग चिलीम ओढता ओढता मेव्हण्याला सांगितलं. चार दिवसांत नऊ वाड्यांतली माणसं पंतोजी दिसले की ‘बें बें’ करायला लागली. पंतोजींनी चारचौघांत येणंच सोडलं.

ज्याने दुसऱ्याची गाठ चव्हाट्यावर मांडली, त्याला स्वतःची गाठ कुणाच्या हातात द्यायची भीती वाटणारच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. सुताराला वाटलं, मी सांगितलं तशी हीसुद्धा सांगेल. आणि ही तर बांगड्या भरणारी, घरोघर जाणारी.

दुसरी गोष्ट पेवाची. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा, तोंड लहान आणि पोट मोठं. आतून कडबा लावायचा, जोंधळा भरायचा, वर शिळा ठेवून मातीने लिंपून टाकायचं. वाईट वर्ष आलं की उघडायचं. देशाची अशी सहा पेवं होती. सुताराच्या तिसऱ्या वर्षी जोंधळा उदंड पिकला आणि सहा पेवं पुरेनात. सुताराने घाईघाईने खालच्या वाडीजवळ सातवं खणायला लावलं. तिथे कधीकाळी मोठा उंबर होता. उंबराखाली पाणी असतं हे पोरांनाही माहीत, पण उंबर तोडून पंधरा वर्षं झाली होती आणि कुणाला आठवण नव्हती. पुढच्या पावसाळ्यानंतर सुताराने दगडमाती खणणाऱ्या एका बेलदाराला शिळा सरकवायला सांगितली. बेलदार कमरेपर्यंत आत गेला आणि भोवळ येऊन पडता पडता वाचला. तळाला पाणी चमकत होतं आणि वर जोंधळा कुजला होता. सुताराने बेलदाराला एक पागोटं दिलं, कुठे बोलू नकोस म्हणून सांगितलं, आणि शिळा पुन्हा लिंपून टाकली. सगळा देश समजून होता, की सातही पेवं भरलेली आहेत.

एवढं आठवल्यावर सुताराने दोरीला एकही गाठ मारली नाही.

पारावर त्याने ती गुळगुळीत दोरी कासारणीपुढे ठेवली आणि मान ताठ करून म्हणाला, “माझ्या हातून काही चुकलं नाही.”

कासारणीला खरं तर बरंच वाटलं. दुपारभर एका रागावलेल्या माणसाच्या चुका ऐकत बसायचं तिच्या जिवावर आलं होतं, आणि पुढे वरच्या वाडीला एका लग्नाचा चुडा भरायला जायचं होतं. तिने दोरी घेतली, नमस्कार केला आणि उठली.

त्या वर्षी पिकं हातची गेली. पौषातच घराघरांतल्या धान्याच्या कणग्यांचा तळ दिसायला लागला आणि कासारणीने पेवं उघडायची ठरवली. पेव उघडायचीही रीत होती. सकाळी शिळा काढायची, दुपारपर्यंत आतली कोंदट हवा जाऊ द्यायची, पेवाची पूजा करायची आणि मग अध्यक्षाने आधी स्वतः उतरून पहिली पाटी भरायची. दुसऱ्याला खाली उतरवून आपण वर काठावर उभा राहणारा अध्यक्ष त्या लोकांना चालत नसे. कासारीण पदर खोचून उतरायची, पाटी भरायची आणि वरून ती ओढून घ्यायची ती सुताराच्या दोरीने. गाठी नव्हत्या, त्यामुळे सरसर सरकायची.

पहिलं पेव उघडलं तेव्हा सुताराने मनाला समजावलं, अजून सहा आहेत, सावकाश सांगू. तिसरं उघडलं तेव्हा म्हणाला, अजून चार आहेत. पाचवं उघडल्यावर मात्र तो अंगरखा घालून कासारणीच्या दाराशी गेला. दाराशी दूरच्या वाडीतला नवा पहारेकरी होता. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा तसं त्याने अदबीने विचारलं, “कोण आलंय म्हणून सांगू?” कालपर्यंत ज्याच्या नावाने दवंडी पिटली जायची, त्याला आज कोण म्हणून विचारतात. सुतार मागे फिरला. अपमान झाला म्हणून तो दोन दिवस घुश्शात होता, आणि मनातून त्याला थोडं बरंही वाटत होतं, कारण सांगायचं टळलं होतं.

चैत्रात सातव्याची पाळी आली.

त्या दिवशी सुतार सकाळपासून एका फळीवर रंधा मारत बसला होता. फळी कशाची होती हे त्यालाही सांगता आलं नसतं. दुपार व्हायला आली तेव्हा त्याची बायको पाणी भरून आली. तिच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या. सुताराने विचारल्यावर ती म्हणाली, की पाणवठ्यावर कासारीण भेटली, पेवाकडेच निघाली होती, वाटेत थांबून बांगड्या भरून गेली आणि पैसे काही घेतले नाहीत.

“तुमचा राग गेला का म्हणून विचारत होती,” बायको म्हणाली. “म्हणाली, वहिनी, आजचं पेव दादांनी स्वतः उभं राहून खणून घेतलंय. त्यात मी डोळे मिटून उतरेन.”

सुताराच्या हातातला रंधा गळून पडला. तो तसाच उठला, केसांत भुसा, पायांत वहाणा नाहीत, आणि धावत सुटला.

पेवापाशी निम्मा देश गोळा झाला होता. शिळा सकाळीच काढली होती. आंबूस वास येत होता, पण पेवाला वास येतोच म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. पूजा झाली होती, निरांजन अजून तेवत होतं. कासारणीने पदर खोचला होता आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. गर्दी बाजूला सारत सुतार पुढे आला.

“उतरू नका,” तो म्हणाला. त्याला धाप लागली होती.

लोकांत कुजबुज झाली. एक जण मोठ्यानेच म्हणाला, की हिला पाटी भरताना बघून याच्या पोटात दुखतंय. दोघं-तिघं हसले. सुताराने इकडे तिकडे पाहिलं आणि आजची हवा बरी नाही, उद्या उघडा, असं काहीतरी तो बोलला.

कासारणीने पाय मागे घेतला नाही. “दादा,” ती म्हणाली, “आतल्या हवेचं तुम्हाला कसं माहीत?”

आता सगळे त्याच्याकडे बघत होते. गर्दीच्या कडेला, बाभळीच्या सावलीत, पंतोजी काठी टेकून उभे होते. खालच्या वाडीत धान्य मिळायचं म्हणून कित्येक वर्षांनी ते माणसांत आले होते. सुताराला ते दिसले, आणि आता आपलं काय होणार हेही स्पष्ट दिसलं. ‘बें बें’ कानांवर आल्यावर माणसाचं तोंड कसं होतं, ते त्याने पाहिलेलं होतं. अजून गप्प बसता येत होतं. हवा बरी नाही एवढंच धरून बसता आलं असतं. पण कासारीण त्याचं ऐकणार नाही, उतरणार, हे त्याला कळत होतं.

“हे पेव मी चुकीच्या जागी खणलं,” तो म्हणाला. “आत पाणी आहे, जोंधळा कुजलाय. मला दीड वर्षापासून माहीत आहे. पारावर तुम्हाला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.”

मग मघाचाच माणूस म्हणाला, की हा खोटं बोलतोय, तिचा मान घालवायला आलाय. त्यावर कासारीण म्हणाली, की दुसऱ्याचा मान घालवायला कुणी स्वतःचं नाक कापून आणत नाही. तिने पूजेतलं निरांजन उचललं, पाटीत ठेवलं, पाटीला ती गुळगुळीत दोरी बांधली आणि हळूहळू पेवात सोडली. सगळे वाकून बघायला लागले. माणसाच्या उंचीएवढी पाटी खाली गेली आणि ज्योत विझली. वर ओढून पुन्हा लावली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथेच विझली.

गर्दीतला बेलदार पागोटं काढून हातात धरून उभा होता. बायांनी कासारणीला धरून पेवाच्या तोंडापासून मागे ओढलं. ती शिळेवर बसली. तिला दोन लहान मुली होत्या, आणि त्या पहिल्या रांगेत उभ्या होत्या.

जरा वेळाने तिने पाटीची दोरी सोडली आणि सुतारापुढे धरली. “दादा, ही तुमचीच,” ती म्हणाली. “त्या दिवशी गाठ राहून गेली.”

सुताराने दोरी हातात घेतली. ज्या हातांनी त्याने केसाएवढी फट न ठेवता साकवाचे सांधे जोडले होते, त्या हातांना एक साधी गाठ जमेना. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “पाण्यात जोंधळे पेरणारा अध्यक्ष.” लोकांच्या ओठांवर हसू यायला लागलं. आणखी एक जण काहीतरी बोलला असता, तर सगळा देश हसला असता.

तेव्हा बाभळीखालून पंतोजींनी काठी जमिनीवर आपटली. “हसायचं नाही,” ते म्हणाले. “ऐकायचं.”

तिथे जमलेली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली होती. सगळे गप्प झाले. त्या शांततेत सुताराने गाठ मारली.

पंतोजी चालत त्याच्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “या जागेचं मी तुला सांगितलं होतं रे. धर्मशाळेचा पाया इथेच खचला होता. मी दोष गवंड्यावर ढकलला, पण जमीनच खालून ओली होती. बोकडांच्या पुढचीच गाठ होती ती.”

सुताराने आठवायचा खूप प्रयत्न केला. त्याला बोकड आठवले, त्यांच्या पुढचं काहीच आठवेना.

“मी तेव्हा हसू दाबत होतो, गुरुजी,” तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या वर्षी नऊ वाड्यांनी दोन महिने रात्री भाकरीऐवजी आंबील पिऊन काढले. कुरकुर झाली, पण उपाशी कुणी राहिलं नाही. सुताराला काही दिवस बोलणी खावी लागली, ती त्याने मान खाली घालून खाल्ली. मग कुणी न सांगता तो आणि बेलदार वरच्या अंगाला, मुरमाच्या कोरड्या जमिनीत, नवं पेव खणायला लागले. माती सुतारानेच वाहिली. पंतोजी रोज संध्याकाळी तिथे येऊन दगडावर बसायचे आणि पेवाचा गोल वाकडा होतोय म्हणून सांगायचे. तो वाकडा होत नव्हता, पण सुतार दर वेळी हो म्हणायचा.

पेव पुरं झाल्यावर सुतार आणि कासारीण पुन्हा पारावर बसले. त्या दुपारी दोरीला आणखी चौदा गाठी पडल्या. कासारीण हसली नाही, आणि त्यातलं एक अक्षर कुणाला कधी कळलं नाही. म्हणून ते इथेही लिहिता येत नाही. एवढं मात्र सगळ्यांना दिसलं, की त्या दिवसापासून सुताराची मान थोडी सैल झाली आणि तो गडी मोकळेपणाने हसायला लागला. पेव उघडताना आधी दिवा सोडायची रीतही तेव्हापासून पडली.

पाच वर्षं झाली. मडकी मांडली गेली आणि एका माळ्याने कासारणीला चांगलं दोन ओंजळ दाण्यांनी हरवलं. पंगतीत तिने आमटीच्या दोन वाट्या मागून घेतल्या, वर आमटीत गूळ कमी पडलाय असंही सांगितलं. नवव्या दिवशी तिने माळ्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि पारावर नेलं.

तिने आपली दोरी काढली तेव्हा माळी घाबरलाच. दहा हातांची दोरी गाठी मारून मारून सहा हातांवर आली होती. एवढ्या चुका करूनही देश चालला कसा, असं त्याने चाचरत विचारलं. ती म्हणाली, की हळूहळू कळेल. मग तिने दोरीचं टोक धरून पहिली गाठ त्याच्या बोटांखाली दिली.

“ही पहिल्याच दिवसाची,” ती म्हणाली. “मला गाठी नसलेली दोरी मिळाली, आणि मला बरं वाटलं. मी विचारलंच नाही.”

माळी थोडा पुढे सरकून बसला. “आता पुढची सांगा,” तो म्हणाला.

तात्पर्य: खुर्ची सोडणाऱ्याने किल्ल्यांबरोबर आपल्या चुकाही पुढच्याच्या हाती द्याव्यात. आणि कुणी म्हणालं, की माझं काहीच चुकलं नाही, तर घेणाऱ्याने खूश होऊन उठू नये, पारावर आणखी थोडा वेळ बसावं.